बात्शाच्या बंदरातील दोन भरत्या

१६७२ ते १६९७ या काळात तोंकिनच्या मुलखात, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनामात, इंग्रज कंपनीची वखार होती. तेथील बात्शा बंदरापाशी नदीमुखावर वाळूचा उथळ पट्टा असल्याने भरतीची वेळ साधणे जहाजांना भागच असे. त्या पाण्याच्या चढउताराची तपशीलवार हकीगत फ्रान्सिस डेव्हनपोर्ट याने १६७८ साली लिहून पाठविली. कोकणच्या किनाऱ्यावर, किंबहुना बहुतेक सागरतीरी, अहोरात्रात दोनदा भरती यावयाची. येथे मात्र ती एकदाच येई, आणि चंद्र विषुववृत्ताशी आला की पाणी जवळजवळ निश्चल राही.

एडमंड हॅलेने ही हकीगत १६८४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली, आणि १६८७ च्या ‘प्रिन्सिपिआ’त न्यूटनने तिची उपपत्ती मांडली: चिनी समुद्राकडील भरती बंदरी सहा तासांत पोचते, हिंदी महासागराकडील बारा तासांत, एकीचा चढ व दुसरीचा उतार समकाली आल्याने, दोन्ही समबल असता पाणी हालत नाही, आणि चंद्र विषुववृत्तापासून ढळून लागोपाठच्या भरत्या लहानमोठ्या झाल्या म्हणजे त्या विषमतेच्या शेषातून दिवसाची एकच भरती उरते. आज तोंकिनच्या आखातातील अनुनादाला अधिक महत्त्व देतात. तथापि दोन चढउतार मिळून शून्य होऊ शकते, हा विचार मला त्या ग्रंथातील अत्यंत मोलाचा ठेवा वाटतो. प्रकाश कणमय मानण्याकडे न्यूटनचा कल असल्याने त्याने तो विचार प्रकाशापर्यंत नेला नाही.

ते कार्य टॉमस यंगने १८०१ साली केले, आणि बात्शाच्या भरत्यांचे ऋण त्याने १८०४ मध्ये आपल्या टीकाकारांना उत्तर देताना मोकळ्या मनाने नमूद केले. नोव्हेंबर १८०३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्याने सूक्ष्म छिद्रातून घेतलेल्या सूर्यकिरणात इंचाच्या तिसाव्या भागाएवढी रुंद कार्डाची पट्टी धरल्याचे वर्णन आहे: तिच्या छायेत प्रकाशाचे पट्टे दिसत, आणि एका कडेचा प्रकाश अडविताच, दुसरीकडून तो येत असूनही, ते नाहीसे होत. दोन निरनिराळे दिवे लावून असे पट्टे मिळत नाहीत, कारण त्यांच्या आंदोलनांतील कलांतर क्षणोक्षणी स्वैरपणे बदलते; कार्डाच्या दोन्ही कडांवरील तरंग मात्र एकाच छिद्रातून निघालेले असल्याने त्यांचे कलांतर टिकून राहते, जसे न्यूटनच्या उपपत्तीत एकाच चंद्राने उठविलेल्या दोन भरत्यांतील सहा तासांचे अंतर टिकते.