नाव कोणाच्या नावावर?



जुन्या मुंबईतील एखाद्या पेढीचे पत्र किंवा बिल हाती आले, तर त्याच्या माथ्यावर पेढीचे नाव, रस्ता आणि टेलिफोनचा क्रमांक यांच्या शेजारी पुष्कळदा आणखी एक ओळ छापलेली आढळते. ती ओळ म्हणजे ‘तारेचा पत्ता’. त्यापुढे बहुधा एकच शब्द असे. गिरगावातील पुस्तकविक्रेता असो, काळबादेवीचा कापडवाला असो की परळ-लालबागची गिरणी असो. त्या शब्दावर आणि गावाच्या नावावर केलेली तार त्याच्या दारी येई. आज आपण ज्याला ‘डोमेन नाव’ म्हणतो, त्याचा हा पूर्वज. पूर्वजाची हकीकत समजली, की नातवाचे स्वभावही कळतात; म्हणून तेथूनच आरंभ करू.

सन १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने एडन-सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. लिव्हरपूलच्या बाजारातील कापसाचा भाव मुंबईला लवकर कळू लागला. सोय झाली, पण ती महाग होती. परदेशी तारेला शब्दागणिक आकार पडे, आणि तो नुसत्या मजकुराला नव्हे, पत्त्यालाही पडे. पेढीचे लांबलचक नाव आणि गल्लीचा पत्ता यांतच पैसा जाई. यावर तोड निघाली ती अशी : व्यापाऱ्याने एक छोटा शब्द निवडावा, तारकचेरीत शुल्क भरून तो नोंदवावा, आणि पुढे तोच त्याचा पत्ता व्हावा.

या नोंदीचे नियम तीन होते. एका गावात एक शब्द एकालाच मिळे. तो आधी कोणी घेतला आहे काय, हे कचेरीतील वहीत पाहिले जाई. घेतलेला असल्यास दुसरा शब्द शोधावा लागे. आणि शब्द कायमचा विकत मिळत नसे; ठरावीक मुदतीचे शुल्क भरत राहावे लागे. हे तीन नियम ध्यानात ठेवा. पुढे त्यांच्याशीच आपली गाठ पडणार आहे.

असा पत्ता किती रुजतो, याची दोन उदाहरणे देतो. आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेने १९४६ मध्ये ‘इंटरपोल’ हा तारेचा पत्ता घेतला. १९५६ मध्ये तो तिच्या नावातच आला. ऑक्सफर्डमधील दुष्काळ-निवारण समितीचा तारेचा पत्ता ‘ऑक्सफॅम’ होता. १९६५ मध्ये तेच संस्थेचे नाव झाले. पत्ता म्हणून घेतलेला शब्द मालकाची ओळख होऊन बसला.

आता संगणकाकडे वळू. जाळ्यात जोडलेल्या प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आली. प्रथम अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सर्व नावांची एकच यादी ठेवीत. यंत्रे वाढली तशी ती यादी आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची नवी रचना मांडली. तीत एका मोठ्या वहीऐवजी अनेक वह्या झाल्या : ‘डॉट कॉम’ची वेगळी, भारताच्या ‘डॉट इन’ची वेगळी. प्रत्येक वहीचा सांभाळ करणारा वेगळा. आपल्या महसुली दप्तरात जिल्हा, तालुका, गाव अशी उतरंड असते ना, तशीच ही उतरंड. फक्त ती उजवीकडून डावीकडे वाचायची.

भारताच्या वाट्याचे ‘डॉट इन’ हे नाव ८ मे १९८९ रोजी नोंदले गेले. त्याची वही प्रथम मुंबईतच होती. जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था ती सांभाळीत असे. तेव्हा हा मामला विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्यापुरताच होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. या निगमाची इमारत फोर्ट भागात, हुतात्मा चौकाजवळ; आणि मुंबईची मध्यवर्ती तारकचेरीही त्याच परिसरात. जुन्या पत्त्याची वही आणि नव्या पत्त्याचे दार एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होते!

आरंभी डॉट इनचे नाव मिळवायला कागदपत्रे दाखवावी लागत, आणि अटीही पुष्कळ होत्या. २००५ मध्ये ही वही निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, या संस्थेकडे आली आणि नोंदणी सर्वांना खुली झाली. नियम सोपा : जो प्रथम येईल त्याला नाव. सोपा खरा, पण येथेच भांडणाचे मूळ आहे. मागणारा त्या नावाचा खरा धनी आहे की नाही, हे वही तपासत नाही. नाव रिकामे आहे एवढेच ती पाहते.

नावाची चोरी मुंबईला नवी नाही. गिरण्यांच्या कापडावर चित्रांची लेबले लावीत, कारण गिऱ्हाईक पुष्कळदा निरक्षर असे आणि चित्र पाहून माल ओळखी. चालणाऱ्या लेबलाची हुबेहूब नक्कल काढणारेही निघत. व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा देशात १९४० मध्ये झाला. दादर-गिरगावच्या दुकानांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी तुम्ही पाहिली असेल. ती पाटी म्हणजे नावाच्या धन्याने स्वतःच घातलेला पहारा होय.

इंटरनेटवर तेच झाले. मुंबईतील ‘रेडिफ’ या कंपनीचे नाव चालू लागले, तेव्हा दुसऱ्याने एका अक्षराच्या फरकाने ‘रॅडिफ’ हे नाव नोंदवले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. आपण इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून हे नाव केले, असा बचाव झाला. तो न्यायमूर्ती ए. पी. शहा यांना पटला नाही. २२ एप्रिल १९९९ रोजी त्यांनी मनाई हुकूम दिला. डोमेन नाव हा नुसता पत्ता नसून व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण त्याला मिळाले पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ‘सत्यम इन्फोवे’च्या खटल्यात हेच तत्त्व मान्य केले. डॉट इनच्या तंट्यांसाठी आता लवादाची वेगळी सोय आहे. तथापि कोर्टाची पायरी चढणे मोठ्या कंपनीला परवडते; गावच्या शाळेला किंवा आंबा विकणाऱ्या सोसायटीला ते कसे परवडावे? त्यांनी आधीच सावध राहिलेले बरे.

ते कसे राहावे? समजा, तुमच्या संस्थेला नाव हवे आहे. वही सांभाळणारी संस्था सहसा थेट नाव देत नाही. तिने मान्यता दिलेले रजिस्ट्रार असतात, बाजार समितीतल्या परवानाधारक अडत्यांसारखे. त्यांच्या संकेतस्थळावर हवे ते नाव टाकून पाहावे. रिकामे असेल तर तसे कळते. घेतलेले असेल, तर ते कधी नोंदले आणि मुदत कधी संपते, हे सार्वजनिक नोंदीत पाहता येते. इंग्रजी नावात अक्षरे, अंक आणि मधली आडवी रेघ एवढेच चालते. एका भागात ६३ पेक्षा अधिक चिन्हे चालत नाहीत. नोंदणी सामान्यतः एक ते दहा वर्षांची असते.

इथे आपल्या मराठी नावांची एक गंमत आहे, आणि ती शिक्षकांनी विशेष पाहावी. गिरगाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. शेवटी कोणी ‘ओएन’ लावतो, कोणी ‘यूएम’. लालबागच्या शेवटी कोणी ‘एच’ जोडतो, कोणी नाही. आपल्या कानाला नाव एकच. वहीला मात्र ती निराळी नावे. म्हणून लोक आपले नाव कसे लिहितात ते आधी चार जणांना विचारावे, आणि ऐपत असेल तर जवळची दोन रूपेही घेऊन ठेवावी. २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ हे नाव मिळू लागले. तरी प्रश्न सुटत नाही. १९६२ च्या लेखननियमांनी ‘गांव’वरचा अनुस्वार गेला, पण जुन्या पाट्यांवर तो अजून दिसतो, आणि संगणकाला अनुस्वाराचे ‘गांव’ व बिनअनुस्वाराचे ‘गाव’ हे दोन भिन्न शब्द आहेत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. संकेतस्थळ तयार करून देणारा एखादा तरुण सांगतो, “नावाचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका.” तो सद्भावनेने नाव घेतो, पण नोंद स्वतःच्या नावे करतो. पुढे तो परगावी जातो, मुदत संपल्याची सूचना त्याच्याकडे जाते, आणि एके दिवशी संस्थेचे नाव बंद पडते. डॉट कॉमसारखे रद्द झालेले नाव साधारण ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येते. त्यानंतर ते पुन्हा बाजारात येते, आणि कोणीही परका ते उचलू शकतो.

गिरगाव-लालबागच्या चाळीतला माणूस भाडेपावती कोणाच्या नावे फाटते, हे कधी विसरत नाही. शेतकरी सातबाऱ्यावर नाव कोणाचे, हे आधी पाहतो. तीच दृष्टी येथे ठेवावी. नोंद संस्थेच्या नावे असावी. खाते संस्थेच्या ईमेलवर असावे, एका व्यक्तीच्या नव्हे. परवलीचा शब्द किमान दोन जबाबदार माणसांना ठाऊक असावा. मुदतीची तारीख ठरावाच्या वहीत लिहून ठेवावी आणि कार्यभार देताना तीही सोपवावी. नाव आपल्या मालकीचे होत नाही. ते मुदतीने वापरायला मिळते.

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि तारेच्या पत्त्यांची वहीही तिच्याबरोबर मिटली. एकाला एकच नाव, आधी वहीत पाहणे, मुदतीवर शुल्क भरणे, हे तिचे तिन्ही नियम मात्र नव्या वहीत जसेच्या तसे आले आहेत. आपल्या शाळेचे वा सोसायटीचे नाव आधीच घेतलेले असेल, तर त्याची नोंद कोणाच्या नावावर आहे आणि मुदत कधी संपते, एवढे या आठवड्यात पाहून घ्यावे, ही विनंती.