ईथरनेट जोडणीचे दोषनिवारण

ईथरनेट जोडणीचे दोषनिवारण म्हणजे केबलद्वारे जोडलेल्या संगणकाचा संपर्क न होणे, तो मध्येच तुटणे किंवा वेग मंदावणे यांचे कारण शोधून ते दूर करण्याची पद्धती होय. संगणक, केबल, राउटर आणि सेवापुरवठादार या साखळीतील नेमका कोणता दुवा निकामी झाला आहे हे ओळखणे, हा तिचा गाभा आहे. त्यासाठी तपासणी केबलपासून क्रमाने पुढे नेतात आणि एका वेळी एकच बदल करतात.

पार्श्वभूमी

रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ पासून झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात ईथरनेट विकसित केले. आज घरोघरी प्रामुख्याने आठ तारांची, म्हणजे चार पिळदार जोड्यांची केबल वापरतात.

केबल व पोर्ट

बहुतेक पोर्टांजवळ लहान दिवा असतो. तो लागत नसल्यास केबल घट्ट बसवून, मग केबल आणि त्यानंतर राउटरचे पोर्ट बदलून पाहतात. केबलची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक नसावी. १०० मेगाबिट वेगाला दोन जोड्या पुरतात, एक गिगाबिटला मात्र चारही लागतात. त्यामुळे एखादी तार तुटूनही जोडणी चालू राहते आणि केवळ वेग घसरतो, असे घडू शकते.

आयपी पत्ता

दिवा लागूनही संपर्क नसल्यास संगणकाचा आयपी पत्ता तपासतात. विंडोज प्रणालीत त्यासाठी 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा आहे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असल्यास राउटरकडून पत्ता मिळालेला नसून संगणकाने तो स्वतःच घेतला आहे, असे समजावे.

पिंग चाचणी

'पिंग' या आज्ञेने पुढील क्रमाने चाचणी घेतात :

१. १२७.०.०.१ : प्रतिसाद नसल्यास दोष संगणकाच्या नेटवर्क प्रणालीत असतो.
२. राउटरचा पत्ता : प्रतिसाद आल्यास केबल व कार्ड कार्यरत असतात.
३. बाहेरील अंकी पत्ता : राउटर उत्तर देतो पण हा देत नाही, तर दोष बहुधा राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे असतो.
४. संकेतस्थळाचे नाव : अंकी पत्ता उत्तर देतो पण नावाचा पत्ता सापडत नाही, तर दोष डीएनएस सेवेत असतो.

काही सर्व्हर पिंगला हेतुतः उत्तर देत नाहीत. म्हणून एकाच पत्त्यावरून निष्कर्ष काढू नये.

दक्षता

राउटर बंद करून पुन्हा चालू करणे आणि तो 'रीसेट' करणे या भिन्न क्रिया आहेत. रीसेट केल्याने सेवापुरवठादाराचे वापरकर्तानाव, पासवर्ड इत्यादी नोंदी पुसल्या जातात व साधा दोष अधिक गुंतागुंतीचा होतो. त्यामुळे तो अखेरचा उपाय मानतात.