पाषाणातील मुद्रा आणि ओवीतील अक्षर

बेळगाव-निपाणीकडून चोर्ला घाट उतरून जुन्या गोव्यात जाणाऱ्या प्रवाशास बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भिंतीच्या शिरोभागी तीन रोमन अक्षरे कोरलेली दिसतात. येशूच्या ग्रीक नावातील ही पहिली तीन अक्षरे. १५४० साली पोपची मान्यता लाभलेल्या येशूसंघाने, म्हणजेच जेझुइट बंधुसंघाने, ती आपली मुद्रा मानली. चर्चची उभारणी १५९४ ते १६०५ या काळात झाली. आत, बरोक शैलीच्या सोनेरी वेदीवर, संघसंस्थापक इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ती किरणांनी वेढलेल्या त्याच अक्षरांकडे दृष्टी लावून उभी आहे. ज्या बालयेशूच्या नावे हे चर्च आहे, त्याची लहानशी मूर्ती मात्र तिच्या खाली आहे. संघाचा अधिकार याहून ठळकपणे क्वचितच मांडता आला असता.

याच संघाचे इंग्रज सदस्य फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीचा आश्रय घेतला. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली, तर १७५९ मध्ये येशूसंघालाच आपल्या प्रदेशांतून हद्दपार केले. पाषाणातील मुद्रा जागच्या जागी राहिली. त्या पहिल्या आवृत्तीची मात्र एकही प्रत उपलब्ध नाही. तरीही हस्तलिखितांच्या आधारे हे पुराण १९०७ मध्ये मंगळूर येथे पुन्हा छापले गेले. पाषाण स्वतःच्या काठिण्याने टिकला. ओवी टिकली ती नकलून घेणाऱ्या हातांमुळे. ग्रंथालयाचे कार्यही याच परंपरेतील आहे.