पैशाची गाणी

पैशावर गाणे रचण्याची बुद्धी श्रीमंताला क्वचितच होते. ज्याची तिजोरी भरलेली आहे तो तिच्याविषयी चारचौघांत बोलतही नाही, मग गाणे दूरच. ‘दाम करी काम’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या कनवटीला त्या दिवशी दाम नसावा, असा माझा तर्क आहे. संपत्तीची जी गाणी लोकांच्या तोंडी बसली ती लिहिणारे, गाणारे आणि ऐकणारे बहुधा महिनाअखेरीच्या विवंचनेत असलेलेच लोक होते. आपल्याकडे संतांनी आणि शाहिरांनी धनाची निंदा व स्तुती पुष्कळ केली आहे. परंतु तो स्वतंत्र भाषणाचा विषय. आज मी बोलणार आहे ते इंग्रजी भाषेतील, नाट्यगृहे, तबकड्या, बोलपट आणि नभोवाणी यांच्या द्वारा घरोघर गेलेल्या काही गाण्यांविषयी. त्यांतील पैसा कोणाजवळ होता, कोणाजवळ नव्हता आणि ज्याच्याजवळ नव्हता त्याने तो कोणत्या स्वरात मागितला, एवढेच आपणांस पाहावयाचे आहे.

१८९१ च्या जुलै महिन्यात चार्ल्स वेल्स नावाचा एक इंग्रज गृहस्थ माँटे कार्लोच्या द्यूतगृहात उतरला आणि त्याने थोड्या दिवसांत अफाट पैसा जिंकला. तेथे प्रत्येक मेजावर खेळाच्या आरंभी ठराविक रोकड मांडलेली असे. ती संपली म्हणजे मेजावर काळे वस्त्र घालावयाचे आणि आतून नवी रोकड येईपर्यंत खेळ थांबवावयाचा, असा तेथील रिवाज. ह्यालाच ‘बँक फोडणे’ म्हणत. मेज रिकामे झाले तरी द्यूतगृहाचा मूळ खजिना जागच्या जागीच असे, हे सांगावयास नको. वेल्सने हा पराक्रम अनेकदा केला, वर्तमानपत्रांनी तो गाजविला, आणि फ्रेड गिल्बर्ट नावाच्या गीतकाराने ‘माँटे कार्लोची बँक फोडणारा माणूस’ हे गाणे रचले. चार्ल्स कोबर्न हा लंडनच्या संगीतगृहांतील लोकप्रिय नट ते गाऊ लागला आणि पाहता पाहता ते गाणे रस्त्यावरच्या पोरांच्या तोंडी गेले.

ह्या गाण्यातला नायक काय करतो? तो ऐटीत हिंडतो आणि लोक त्याच्याकडे पाहतात. घाम नाही, मालक नाही, मजुरी नाही. द्रव्य आकाशातून पडले आणि ह्याने फक्त टोपी तिरपी केली! दिवसभर राबून रात्री नाट्यगृहाच्या स्वस्त गॅलरीत बसलेल्या कारकुनाला आणि कामगाराला ह्याहून गोड स्वप्न कोणते असणार? खरा वेल्स मात्र १८९२ च्या डिसेंबरात पकडला गेला. तो खोटे शोध दाखवून लोकांकडून पैसे उकळीत असे. १८९३ मध्ये त्याला आठ वर्षांची सक्तमजुरी झाली, आणि पुढे पॅरिसमध्येही अशाच लबाडीत सापडून अखेर १९२२ मध्ये तो तेथेच वारला. कोबर्न १९४५ पर्यंत जगला आणि म्हातारपणीही ते गाणे गात राहिला. द्यूतगृहाला तर एक पैही न देता अशी जाहिरात मिळाली की तिचे मोल करता येऊ नये.

नशिबाच्या ह्या गाण्याला एक अट असते. आजूबाजूचे जग नित्यक्रमाने चालू असेल तरच एखाद्याचे नशीब फळफळल्याची मौज. परंतु सगळ्यांचेच नशीब एकदम फुटले म्हणजे? १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. पुढील चार वर्षांत अमेरिकेतील सुमारे ९,००० बँका बुडाल्या. येथे बँक फुटणे म्हणजे मेजावर काळे वस्त्र पडणे नव्हे. लोकांनी आयुष्यभर साठविलेले पैसे त्यांत नाहीसे झाले. १९३३ पर्यंत काम करू शकणाऱ्या दर चार माणसांतील एक बेकार झाला होता. शहरांतून भाकरीसाठी रांगा लागल्या, आणि त्या रांगांत कालपर्यंत चांगले कपडे घालून कचेरीत जाणारे लोकही दिसू लागले.

बुडालेल्यांत ई. वाय. हारबर्ग नावाचा एक गृहस्थ होता. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत, रशियातून आलेल्या यहुदी आईबापांच्या पोटी १८९६ मध्ये तो जन्मला. पद्य करण्याची हौस होती, पण पोटासाठी विजेची उपकरणे विकण्याचा धंदा त्याने धरला होता. तो धंदा बुडाला, डोक्यावर कर्ज झाले, आणि शाळासोबती आयरा गर्श्विन याने धीर व मदत दिल्यामुळे हा चाळिशीकडे झुकलेला दिवाळखोर गाणी लिहू लागला. धंद्यातून सुटलो ह्याचे आपणांस बरेच वाटले, असे तो पुढे सांगत असे. विनोद म्हणून हे ठीक आहे, परंतु देणेकऱ्यांची पत्रे ज्याने उघडली आहेत तोच पुढचे गाणे लिहू शकला असता, असे मला वाटते.

१९३२ च्या ऑक्टोबरात ‘अमेरिकाना’ नावाचा एक संगीत खेळ न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आला. त्यासाठी हारबर्गने लिहिलेले आणि जे गॉर्नी याने चाल दिलेले गाणे म्हणजे ‘भाऊ, एक डाईम देता का?’. डाईम हे डॉलरच्या दशांशाचे, त्या काळी चांदीचे, चिमुकले नाणे. तेवढ्यात कॉफीचा पेला आणि जोडीला काही खावयास मिळे. ही हाक तेव्हा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर पावलोपावली ऐकू येत होती. गॉर्नीही रशियाच्या साम्राज्यातून लहानपणी अमेरिकेत आलेला, आणि ह्या गाण्याची चाल त्याने बालपणी ऐकलेल्या एका अंगाईगीतावरून घेतली होती. निजवण्यासाठी जन्मलेली चाल उपाशी माणसाच्या तोंडी गेली.

ह्या गाण्याची खरी करामत मागणीत नसून मागणाऱ्याच्या ओळखीत आहे. भिकारी हात पसरताना आपले दैन्य सांगतो: मूल आजारी आहे, दोन दिवस अन्न नाही. हा मनुष्य त्यांतले काहीच सांगत नाही. तो सांगतो की आगगाडीचे रस्ते मी बांधले, उंच मनोरे मी उभारले, लढाईत गणवेश घालून मी गेलो. तो दयेची याचना करीत नाही, तो हिशेब मांडतो आणि हिशेबाच्या शेवटी शिल्लक म्हणून एक डाईम मागतो. हारबर्गने पुढे एका मुलाखतीत असा खुलासा केला की, ह्या माणसाने देशात आपले भांडवल घातले आहे आणि त्यावरचा लाभांश कोठे गेला हे तो विचारीत आहे. ‘लाभांश’ हा शेअरबाजारातला शब्द, ज्यांनी शेअरबाजाराचे तोंडही पाहिले नव्हते अशा मजुरांच्या बाजूने कवीने उचलला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आणि गणवेशाचा उल्लेख केवळ अलंकार नव्हता. पहिल्या महायुद्धात लढलेल्या सैनिकांना १९२४ च्या कायद्याने विशेष रकमेची प्रमाणपत्रे दिली होती, परंतु ती वटणार होती १९४५ मध्ये. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो बेकार माजी सैनिक, कित्येक बायकामुलांसह, ती रक्कम आताच द्या असे म्हणत वॉशिंग्टनला जमले आणि झोपड्या घालून राहिले. २८ जुलै रोजी सरकारी सैन्याने त्यांना हुसकून लावले, आणि झोपड्यांना आगी लागल्या. सैन्याचा अधिकारी होता जनरल मॅकआर्थर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत हे गाणे आले. त्यातला सैनिक कोण हे ऐकणाऱ्याला विचारावे लागले नाही.

तो संगीत खेळ दोन-अडीच महिन्यांतच बंद पडला, पण गाणे त्याच्याबरोबर मेले नाही. ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यातच बिंग क्रॉस्बी आणि रूडी व्हॅली या दोघा आघाडीच्या गायकांनी त्याच्या तबकड्या दिल्या. मंदीत तबकड्यांचा खप १९२७ च्या मानाने दशांशाहूनही खाली गेला होता. ज्याच्याजवळ डाईम नाही तो तबकडी कोठून घेणार? परंतु नभोवाणीला प्रत्येक गाण्याचे वेगळे दाम पडत नसत. एकदा घरात यंत्र आले की, भाडे थकले तरी गाणे येत राही, आणि क्रॉस्बी व व्हॅली हे दोघेही नभोवाणीवर घरोघर ओळखीचे होते. ८ नोव्हेंबरला अध्यक्षाची निवडणूक होती. हे गाणे भांडवलशाहीविरुद्ध आहे, ते नभोवाणीवरून वाजू देऊ नये, असे प्रयत्न झाल्याचे हारबर्ग सांगत असे. तो स्वतः पुढे १९५० नंतर सुमारे दहा वर्षे आपल्या मतांमुळे हॉलिवुडच्या काळ्या यादीत होता. मधल्या काळात, १९३९ मध्ये, इंद्रधनुष्यापलीकडच्या देशाचे ते जगप्रसिद्ध बोलपटगीतही त्याच्याच लेखणीतून उतरले.

आता ह्याच्या अगदी उलट दिसणारे एक गाणे घेऊ. १९३३ च्या मेअखेर वॉर्नर बंधूंचा ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’ हा बोलपट निघाला. पडदा उघडताच जिंजर रॉजर्स आणि तिच्या मागे नर्तिकांचा ताफा, सर्वांगावर मोठमोठ्या नाण्यांची वस्त्रे, आणि ओठांवर आता आपल्याजवळ पैसाच पैसा आहे अशा अर्थाचे उल्लसित गाणे. शब्द अल् डुबिनचे, चाल हॅरी वॉरेनची, नृत्ये बस्बी बर्कलीची. एक कडवे तर रॉजर्स आपल्या मुलांच्या ‘च’च्या भाषेसारख्या उलटसुलट बोलीत म्हणते! मार्चमध्ये देशातील सर्व बँका आठवडाभर बंद ठेवण्याची पाळी आली होती. एप्रिलमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढून नागरिकांजवळची सोन्याची नाणी १ मेपर्यंत जमा करावयास सांगितली होती. तो महिना संपतो न संपतो तोच पडद्यावर ह्या नाणीधारी मुली नाचू लागल्या.

लोकांना दुःख विसरावयास लावणारे गाणे म्हणून ह्याची नेहमी संभावना केली जाते. पण हे मत तबकडी ऐकून बनविलेले आहे, बोलपट पाहून नव्हे. बोलपटात ती नाटकाची तालीम आहे, आणि गाणे रंगात आले असतानाच शेरीफची माणसे जप्ती घेऊन रंगमंचावर चढतात. निर्मात्याने देणी भागविलेली नाहीत. ते देखावे उचलतात, मुलींच्या अंगावरची नाणी उतरवून घेतात, आणि आत्ताच श्रीमंती मिरविणाऱ्या त्या मुली बेकार होऊन घरी जातात. तबकडीवर हा शेरीफ येत नाही. त्यामुळे बोलपटापासून तुटलेले गाणे जगभर निव्वळ ऐश्वर्याचे गाणे होऊन बसले, आणि आजही कोणाला लाभ झाला की वाद्यवृंद तेच वाजवितात. इतकेच नव्हे, तर ह्याच बोलपटाचे शेवटचे गाणे ‘विसरलेल्या माणसा’विषयी आहे. १९३२ च्या एप्रिलमध्ये रूझवेल्ट यांनी नभोवाणीवरील भाषणात वापरलेला हा शब्दप्रयोग. पडद्यावर महायुद्धाचे सैनिक दिमाखाने कूच करतात, मग जखमी होऊन परततात, आणि मग तेच भाकरीच्या रांगेत उभे राहतात. म्हणजे हारबर्गचा डाईम मागणारा मनुष्य येथे पुन्हा भेटला, आणि तोही नाण्यांच्या नाचाने सुरू झालेल्या बोलपटात!

१९३६ मध्ये क्रॉस्बीनेच ‘पेनीज फ्रॉम हेवन’ ह्या बोलपटात आकाशातून पैशांचा पाऊस पाडला. गाणे गोड आहे, पण येथे हिशेब मागणारा माणूस गेला आणि माँटे कार्लोचे नशीब पावसाच्या रूपाने परत आले.

एक प्रश्न मात्र राहून गेला. गाणेच पैसा मिळवू लागले म्हणजे तो कोणाचा? १९५९ मध्ये डेट्रॉइट येथे बेरी गॉर्डी याने घरच्या निधीतून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन तबकड्यांचा धंदा काढला. पूर्वी तो मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम करीत असे. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या मोटाउन कंपनीचा हा आरंभ. तिला प्रथम यश मिळवून देणारे गाणे ‘मनी’ हेच, आणि त्यात मागणी अगदी उघड आहे. रेल्वे बांधल्याचा दाखला नाही, नशिबाची ऐट नाही, रोख पैसा हवा एवढेच. गायक होता अठरा वर्षांचा बॅरेट स्ट्राँग. १९६३ मध्ये इंग्लंडच्या बीटल्सनी ते पुन्हा गाइले, आणि गाण्याचे उत्पन्न सुरूच राहिले.

गाण्याचे कर्ते म्हणून गॉर्डी आणि जेनी ब्रॅडफर्ड यांची नावे छापली जात. पियानोवरची मूळ चाल आपल्या बोटांतून निघाली, असे स्ट्राँगचे म्हणणे होते. वॉशिंग्टनच्या स्वामित्वहक्क कचेरीत १९५९ च्या मूळ नोंदीत त्याचेही नाव कर्त्यांत होते. तीन वर्षांनी ते काढण्यात आले. अठ्ठावीस वर्षांनी नोंदीचे नूतनीकरण करावे लागे; त्या वेळी, म्हणजे १९८७ मध्ये, ते पुन्हा घातले गेले, आणि पुढच्याच वर्षी त्यावर काट मारली गेली. मूळ नोंद ही कारकुनी चूक होती, असे गॉर्डीच्या बाजूने सांगण्यात आले. २०१३ मध्ये हा सारा प्रकार वर्तमानपत्रांत आला तेव्हा स्ट्राँग बहात्तर वर्षांचा होता. २०२३ च्या जानेवारीत तो वारला.