व्यावहारिक पिस्तूल-नेमबाजी

एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे धावत, आडोशांमागून व निरनिराळ्या अंतरांवरील लक्ष्यांवर पिस्तुलाच्या गोळ्या झाडून अचूकता, शक्ती आणि वेग या तिन्हींची एकत्रित कसोटी घेणारा नेमबाजीचा क्रीडाप्रकार. ऑलिंपिक क्रीडासामन्यांतील पिस्तूल-नेमबाजीत स्पर्धक एका जागी उभा असतो व लक्ष्याचे अंतर ठरलेले असते. तेथील शीघ्रवेधाच्या प्रकारातही २५ मी. अंतरावरील पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या ८, ६ व ४ सेकंदांच्या मुदतीत झाडावयाच्या असतात. म्हणजे वेळ ही तेथे केवळ मर्यादा असते आणि ती वाचविल्याने अधिक गुण मिळत नाहीत. व्यावहारिक नेमबाजीत मात्र मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळेने भागले जाते. त्यामुळे अव्वल नेमबाज आणि इतर यांच्यातील अंतर नेमके कशात आहे, हा प्रश्न या खेळात आरंभापासून महत्त्वाचा ठरला. त्याचे उत्तर पिढीगणिक बदलत गेले.

उगम : या खेळाचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. नौसैनिक दलातील (मरीन कोअर) निवृत्त अधिकारी जेफ कूपर (१९२०–२००६) यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास बिग बेअर या डोंगराळ गावी ‘लेदरस्लॅप’ नावाच्या स्पर्धा भरविण्यास प्रारंभ केला. पाश्चिमात्य चित्रपटांमुळे त्या काळी म्यानातून पिस्तूल झटकन उपसण्याचे वेड पसरलेले होते. आरंभीचे बहुतेक स्पर्धक नेम न धरता कमरेच्या उंचीवरूनच एका हाताने गोळी झाडीत. जो सर्वांत आधी झाडील तो जिंकेल, अशी त्यांची समजूत होती. लॉस अँजेल्स परगण्यातील पोलीस अधिकारी जॅक वीव्हर यांनी ही समजूत खोटी ठरविली. सु. १९५९ पासून ते पिस्तूल दोन्ही हातांनी धरून डोळ्यांच्या पातळीवर आणीत व नळीच्या टोकावरील माशी पाहूनच गोळी झाडीत. पिस्तूल वर आणण्यास क्षणभर अधिक वेळ लागे, परंतु पहिलीच गोळी लक्ष्यावर बसे. घाईने चुकलेल्या गोळ्यांची भरपाई करता करता इतर मागे पडत. एका हाताने पिस्तूल पुढे रेटून दुसऱ्याने मागे ओढण्याच्या त्यांच्या पद्धतीस पुढे ‘वीव्हर पवित्रा’ हे नाव मिळाले. कूपर यांनी आपल्या लेखनातून तिचा मोठा प्रसार केला.

संघटना व गुणपद्धती : १९७५ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली व तीत अमेरिकेचे रे चॅपमन विजयी झाले. पुढील वर्षी मे १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसूरी राज्यात कोलंबिया येथे भरलेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय व्यावहारिक नेमबाजी महासंघाची स्थापना झाली व कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. महासंघाने ‘दिलिजेन्शिया, व्हिस, सेलेरितास’ हे लॅटिन ब्रीद स्वीकारले. अचूकता, शक्ती व वेग असा त्याचा व्यवहारात घेतला जाणारा अर्थ आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय संघटना १९८४ मध्ये स्थापन झाली.

पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर ए, सी व डी असे विभाग असतात. जोरकस काडतूस वापरणाऱ्यास त्यांबद्दल अनुक्रमे ५, ४ व २, तर सौम्य काडतूस वापरणाऱ्यास ५, ३ व १ गुण मिळतात. नेम हुकल्यास १० गुण वजा होतात. एकूण गुणांना सेकंदांनी भागून येणाऱ्या संख्येस ‘हिट फॅक्टर’ म्हणतात. ही संख्या ज्याची सर्वाधिक, त्यास त्या टप्प्याचे पूर्ण गुण मिळतात व इतरांस त्याच्या प्रमाणात.

या भागाकाराचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आठ लक्ष्यांवर प्रत्येकी दोन अशा १६ गोळ्या झाडावयाच्या आहेत व सर्व स्पर्धकांची काडतुसे जोरकस आहेत, असे समजावे. पहिल्या स्पर्धकाने सर्व गोळ्या ए विभागात मारून ८० गुण १० सेकंदांत मिळविले, तर त्याचा हिट फॅक्टर ८ होतो. दुसऱ्याच्या आठ गोळ्या ए विभागात व आठ सी विभागात बसल्या, परंतु त्याने ८ सेकंदांतच टप्पा संपविला, तर ७२ गुणांमुळे त्याचा हिट फॅक्टर ९ होतो. तिसऱ्यानेही ८ सेकंदच घेतले, पंधरा गोळ्या ए विभागात मारल्या आणि एक हुकविली, तर त्याचे गुण ६५ व हिट फॅक्टर सु. ८·१३ इतका उतरतो. केवळ सावधपणा अथवा केवळ घाई यांपैकी कशानेही हा खेळ जिंकता येत नाही, हे यावरून दिसते.

तंत्रातील परिवर्तन : १९८० नंतरच्या दशकात रॉब लेथम व ब्रायन एनॉस या ॲरिझोनातील दोघा तरुण नेमबाजांनी एकत्र सराव करून जुन्या तंत्रात मूलभूत बदल घडविले. वीव्हर पवित्र्याऐवजी दोन्ही हात सारखे पुढे पसरून छातीशी समद्विभुज त्रिकोण करणारा पवित्रा त्यांनी घेतला. प्रत्याघात बळाने दडपून टाकण्याऐवजी पिस्तूल दर वेळी आपोआप त्याच जागी परत येईल अशी पकड साधण्यावर त्यांचा भर होता. लेथम यांनी १९८३, १९८६ व १९८८ अशी लागोपाठ तीन जागतिक अजिंक्यपदे मिळविली.

याच दशकात प्रत्येक गोळीच्या आवाजाची वेळ टिपणारी इलेक्ट्रॉनिक घड्याळे प्रचारात आली. हातघड्याळाने केवळ एकूण वेळ कळत असे. आता तो कोठे खर्च झाला, हेही कळू लागले. बारा लक्ष्यांवर २४ गोळ्या व चार जागा असलेला एक टप्पा कल्पावा. एकाच लक्ष्यावरील दोन गोळ्यांमधील अंतर उत्तम नेमबाजाचे ०·१८ सेकंद व सामान्याचे ०·२२ सेकंद धरले, तरी बारा लक्ष्यांवर मिळून फरक अर्ध्या सेकंदाहून कमीच पडतो. परंतु एका लक्ष्यावरून दुसऱ्याकडे वळताना सामान्य नेमबाजाने दर वेळी दशांश सेकंद व जागा बदलताना अर्धा सेकंद गमावला, तर आठ वळणे व तीन स्थलांतरे मिळून २·३ सेकंदांची तूट येते. चाप ओढण्याची गती प्रेक्षकांच्या चटकन नजरेत भरते, पण ती दोघांचीही जवळजवळ सारखीच असते. खरे अंतर गोळ्यांमधील रिकाम्या वेळात असते. अव्वल नेमबाज नव्या जागी पोहोचण्यापूर्वीच पिस्तूल डोळ्यांसमोर आणतो व जुन्या जागेवरील शेवटची गोळी सुटता सुटता पाय हलवितो. त्यामुळे तो पाहणाऱ्यास अनेकदा संथच वाटतो.

दृष्टीचे महत्त्व : या खेळातील लक्ष्यावरील विभागांच्या रेषा दुरून दिसत नाहीत. गोळी कोठे लागली हे लक्ष्याकडे बघून ठरवू पाहणाऱ्यास थांबावे लागते आणि तरीही खात्री होत नाही. याउलट गोळी सुटण्याच्या क्षणी माशी कोठे होती हे ज्यास स्पष्ट दिसते, त्यास वेध कोठे बसला हे तत्काळ कळते. वेध हुकला असल्यास तो लगेच दुसरी गोळी झाडतो व बसला असल्यास मागे वळून पाहत नाही. जवळच्या मोठ्या लक्ष्यासाठी ओझरते दर्शन पुरते, दूरच्या अथवा अर्धवट झाकलेल्या लक्ष्यासाठी माशी पूर्ण स्थिरावू द्यावी लागते. कोणत्या गोळीसाठी किती पाहणे पुरेसे आहे हा निर्णय क्षणार्धात घेण्याची क्षमता हेच अव्वल नेमबाजाचे मुख्य लक्षण होय. एनॉस यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या दृष्टिविचारास मध्यवर्ती स्थान दिले आणि पुढील पिढीवर त्याचा खोल प्रभाव पडला.

साधनांचा वाद : लेथम यांच्या काळात नळीच्या तोंडाशी प्रत्याघात कमी करणारे साधन जोडलेली व १९९० च्या सुमारास लाल प्रकाशबिंदू दाखविणारी भिंगे बसविलेली पिस्तुले स्पर्धांत वाढली. आत्मसंरक्षणाची कसोटी म्हणून सुरू केलेली स्पर्धा निव्वळ खेळ झाली व मूळ हेतूपासून दूर गेली, अशी टीका स्वतः कूपर यांनी केली. यश कौशल्याचे की महागड्या साधनांचे, हा प्रश्न त्यामागे होता. पुढे पिस्तुलांच्या प्रकारांनुसार स्वतंत्र विभाग पाडण्यात आले आणि त्यांनीच त्याचे उत्तर दिले. मुक्त विभागात जिंकणाऱ्या लेथम यांनी एकेरी रांगेची काडतूसपेटी असलेल्या साध्या पिस्तुलांच्या विभागातही राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. फ्रान्सचे एरिक ग्रॉफेल यांनी १९९९ मध्ये फिलिपीन्समधील सेबू येथे मुक्त विभागाचे जागतिक अजिंक्यपद जिंकले व त्यानंतर दीर्घकाळ अग्रस्थान राखले. साधनांनी सर्वांचाच वेग वाढला, पण क्रमवारीच्या शिखरावरील माणसे त्यांमुळे बदलली नाहीत. मात्र कूपर यांच्या आक्षेपाचा दुसरा भाग, म्हणजे खेळातील कौशल्य प्रत्यक्ष संकटात कितपत उपयोगी पडते हा, अशा निकालांनी सुटण्यासारखा नव्हता.

पूर्वतयारी व सातत्य : अमेरिकन संघटना ठराविक छोट्या चाचण्यांवरून नेमबाजांची वर्गवारी करते. प्रमाण गुणांच्या ९५ टक्के व त्याहून अधिक मिळविणारे सर्वोच्च श्रेणीत गणले जातात. परंतु अशा चाचण्यांत धावपळ थोडी व आखणी बहुधा सोपी असते. म्हणून त्या श्रेणीतील सर्वच नेमबाज मोठ्या स्पर्धेत अग्रस्थानी येत नाहीत. स्पर्धेत प्रत्येक टप्प्याची जागा पाहण्यास थोडाच वेळ मिळतो. तेवढ्यात कोठून कोणते लक्ष्य घ्यावयाचे व काडतूसपेटी कोठे बदलावयाची हे ठरवून अव्वल नेमबाज ते डोळे मिटूनही दिसेल इतके मनात घोळवितो. इशारा झाल्यावर त्यास विचार करावा लागत नाही. घरी काडतुसाविना केलेल्या दीर्घ सरावाने म्यानातून पिस्तूल काढणे, चाप ओढणे या क्रिया त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात. त्यामुळे त्याचे लक्ष पाहण्यासाठी मोकळे राहते.

सुरक्षिततेचे नियम कठोर आहेत. नळीचे तोंड ठरलेल्या मर्यादेबाहेर वळल्यास, पिस्तूल हातातून पडल्यास अथवा अनवधानाने गोळी सुटल्यास स्पर्धक संपूर्ण स्पर्धेतून बाद होतो. त्यामुळे आपल्या ताब्याबाहेरचा वेग येथे निरुपयोगी ठरतो. वीव्हर यांनी बिग बेअर येथे दाखवून दिलेले तत्त्वच पुढील पिढ्यांनी अधिक सूक्ष्म केले : जो आधी पाहतो व पाहिल्यावरच झाडतो, तोच अखेरीस वेगवान ठरतो.