मुलांना एटीव्ही शिकवायची असेल तर: वय, गाडी आणि मैदान कसे निवडावे?

सुटीच्या दिवशी अंधेरीहून अलिबाग, नागाव, काशीद किंवा लोणावळा-कर्जतकडे गेलात, की चार जाड चाकांची गाडी हमखास दिसते. कुणी तिला बीच बाईक म्हणते, कुणी क्वाड बाईक. तिचे रूढ नाव एटीव्ही. मूल हट्ट धरते, गाडीवाला म्हणतो, "काही होत नाही, लहान मुलेपण चालवतात," आणि पाच मिनिटांत निर्णय होऊन जातो. हा निर्णय घरून निघण्याआधी शांतपणे घेता यावा, म्हणून हा लेख आहे.

थोडक्यात

- १६ वर्षांखालील मुलांनी एटीव्ही चालवू नये, असा अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. आमचाही पहिला सल्ला तोच.
- तरीही शिकवायचे ठरवले, तर क्रम लक्षात ठेवा: आधी मूल, मग गाडी, मग मैदान. गाडी मुलाच्या मापाची नसेल, तर सोपी वाटसुद्धा धोक्याची ठरते.
- मोठ्यांच्या एटीव्हीवर मुलाला पुढे किंवा मागे बसवून फेरी मारू नका.

चार चाके असूनही ती उलटते का?

हो. चार चाकांमुळे एटीव्ही स्थिर वाटते, पण तिचे वजन उंचावर असते. वळणावर किंवा चढावर तोल सांभाळण्यासाठी चालवणाऱ्याला स्वतःचे शरीर त्या त्या बाजूला झुकवावे लागते. मोठ्यांची एटीव्ही अनेकदा २०० ते ३०० किलोंची असते. २५ किलोंच्या मुलाच्या झुकण्याने तिला काहीच फरक पडत नाही. ती उलटली तर मूल खाली सापडते आणि छाती दबल्याने श्वास कोंडतो. मुलांसाठीची छोटी गाडीही साधारण १०० किलोंच्या आसपास भरते, म्हणून तीही खेळणे नव्हे.

दुसरा प्रश्न मेंदूच्या वाढीचा. वेग आणि अंतर यांचा अंदाज घेणे, ऐन वेळी अ‍ॅक्सिलरेटर सोडून ब्रेक दाबणे ही कौशल्ये किशोरवयापर्यंत हळूहळू पक्की होतात. घाबरलेले मूल हँडल घट्ट धरते आणि अंगठ्याखालचा अ‍ॅक्सिलरेटर नकळत दाबला जातो.

मूल तयार आहे का?

पुढील सर्व प्रश्नांची उत्तरे "हो" असतील तरच पुढे जा.

- मूल दोन चाकी सायकल आत्मविश्वासाने चालवते का? ब्रेक लावून ठरलेल्या जागी थांबवता येते का?
- एकदा सांगितलेले "थांब" लगेच पाळते का?
- स्वतःला शिकायचे आहे का, की फक्त मोठ्यांना फोटो हवा आहे?

अपस्मार, रक्तस्रावाचा आजार, नुकतेच झालेले फ्रॅक्चर किंवा शस्त्रक्रिया असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. मूल फार चंचल असेल, सूचना ऐकून घेण्याआधीच धावत असेल, तरीही विचारा. मुंबईत पावसाळ्यानंतर आणखी एक गोष्ट विचारावी लागते: गेल्या काही आठवड्यांत मलेरिया, डेंग्यू किंवा टायफॉइड झाला होता का? मलेरिया आणि टायफॉइडमध्ये प्लीहा सुजू शकते आणि पोटाला मार लागल्यास ती फाटण्याचा धोका वाढतो. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात. डॉक्टर हिरवा कंदील देईपर्यंत ही फेरी पुढे ढकला.

गाडी मापाची आहे का?

इंजिन बंद ठेवून मुलाला बसवा आणि तपासा.

- पायठेव्यांवर उभे राहिल्यावर सीट आणि मुलाच्या बुडामध्ये किमान ७-८ सेंटीमीटर अंतर राहते.
- पुढे न वाकता हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवता येते.
- हात हँडलवर ठेवूनच बोटे ब्रेकच्या दांडीपर्यंत सहज पोहोचतात.

गाडीवर उत्पादकाने लिहिलेली वयोमर्यादा वाचा. अमेरिकेत मुलांच्या एटीव्हींचे ६, १० आणि १२ वर्षांपुढील असे गट आहेत. ६ वर्षांपुढील गटाच्या गाडीचा वेग ताशी २४ किलोमीटरच्या आतच असावा लागतो आणि शिकताना तो आणखी खाली बांधता येतो. तुमच्याकडच्या गाडीला वेग बांधण्याची सोय आणि दोरी ओढताच इंजिन बंद पडण्याची सोय आहे का, ते विचारा. नसेल तर नकार द्या.

नवशिक्यांसाठी मैदान कसे असावे?

अंधेरीत किंवा उपनगरांतल्या रस्त्यांवर ही गाडी शिकवण्याजोगी जागा नाही. सोसायटीतला रस्ता, वाहनतळ किंवा आरेचा रस्ता यांचा विचार करू नका. एटीव्हीचे कमी हवेचे रुंद टायर मातीसाठी असतात. डांबरावर ते अनपेक्षितपणे पकडतात आणि वळणावर गाडी उलटू शकते. शिवाय १८ वर्षांखालील मुलांनी सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये बंदी आहे. अपवाद फक्त १६ वर्षांपुढील परवानाधारकांसाठीच्या ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा गुन्ह्यात पालकाला ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

समुद्रकिनाराही शिकण्याची जागा नव्हे. मऊ वाळूत चाक रुतते, ओल्या वाळूत अचानक वेग येतो आणि समोर लोक, उंटगाडी, खेळणारी मुले असतात.

म्हणून खासगी, कुंपण घातलेला मार्ग शोधा. तिथे हे पाहा:

- सपाट, घट्ट मातीची किंवा गवताची जागा. चढ, उतार, दगड, झाडे, विहीर किंवा नाला जवळ नाही.
- मार्ग एकाच दिशेचा आहे आणि मुलांच्या वेळेत मोठ्यांच्या गाड्या तिथे सोडत नाहीत.
- प्रशिक्षक शेजारून चालत राहतो. फक्त लांबून हात हलवत नाही.
- प्रथमोपचार पेटी आहे आणि जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे कर्मचाऱ्यांना सांगता येते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. त्यानुसार आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. फोनवरच नोंदणी आणि विमा यांबद्दल विचारा. टाळाटाळ झाली, तर दुसरी जागा पाहा. जून ते सप्टेंबर चिखलात शिकवू नका.

काय घालावे?

हेल्मेट भाड्याचे घेऊ नका. मोठ्यांचे हेल्मेट मुलाच्या डोक्यावर फिरते. आयएसआय चिन्हाचे, हनुवटी झाकणारे, मुलाच्या मापाचे हेल्मेट घरून न्या. पट्टा बांधल्यावर डोके हलवले तरी ते जागचे हलता कामा नये. सोबत चष्मा, पूर्ण बाह्या, लांब पँट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट घालावेत. चपला, ओढणी आणि सैल कपडे नकोत. पहिली शिकवणी १५ ते २० मिनिटांचीच ठेवा. तीत वेग नको, फक्त सुरू करणे, थांबणे आणि वळणे.

पडल्यावर काय करावे?

मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल, तर मुलाला उचलू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेटही काढू नका. १०८ वर फोन करा.

लगेच रुग्णालयात न्यावे अशी लक्षणे:

- शुद्ध हरपणे, झटके, गोंधळल्यासारखे वागणे
- पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवूनही न जाणारी गुंगी
- नाक किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव
- पोटात वाढत जाणारे दुखणे, पोट कडक होणे, डाव्या खांद्यात दुखणे, लघवीत रक्त
- धाप लागणे, अंग पांढुरके आणि थंड पडणे

हँडलचे टोक पोटात रुतले असेल, तर विशेष काळजी घ्या. वरून एक छोटा गोल वण दिसतो, पण आत प्लीहा, यकृत, स्वादुपिंड किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते. लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात. असा मार लागल्यावर मुलाला खायला-प्यायला देऊ नका आणि तिथल्या जवळच्या रुग्णालयात दाखवा. अलिबागहून अंधेरीला पोहोचायला काही तास लागतात. "घरी जाऊन बघू" यात मोलाचा वेळ जातो.

सायलेन्सरचा चटका बसला, तर २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नका. जखमेत माती गेली असेल, तर साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का, ते डॉक्टरांना विचारा. आपल्या लसीकरणात ५-६ वर्षांचा डोस आणि १० व १६ वर्षांचे टीडी डोस आहेत. १० वर्षांचा डोस अनेकदा राहून जातो.

मूल नाराज होईल, त्याचे काय?

"नाही" म्हणताना पर्याय द्या. लहान मुलांसाठी सायकल हीच उत्तम पूर्वतयारी आहे. तोल, ब्रेक, नजर पुढे ठेवणे, वळताना झुकणे हे सारे ती शिकवते, आणि घसरली तरी अंगावर १०० किलो पडत नाहीत. घरून निघतानाच सांगून ठेवा: "गाडी तुझ्या मापाची आणि मैदान बंदिस्त असेल तरच बसायचे." आजी-आजोबा आणि मामा-काकांनाही हे आधी सांगा. आई-बाबांनी नाही म्हटल्यावर "एकच फेरी" लाडाने घडवणारी मंडळी बहुधा घरचीच असतात.