वेस, खुंट आणि रोड : नगर शहराच्या स्थलनामांचा एक विचार

मध्ययुगीन नगररचनेचा अभ्यासक बहुधा तट, महाल आणि मशिदी यांच्याकडे प्रथम वळतो. त्या उभारणाऱ्यांची नावे तवारिखांत सापडतात. परंतु ज्यांनी शहर रोज पायांखाली घातले, त्यांची नोंद कोणी ठेवलेली नसते. ती राहते स्थलनामांत. अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) जुन्या शहरातील काही नावांचा या दृष्टीने विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

मलिक अहमद निजामशाह याने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव केला आणि पुढे १४९४ च्या सुमारास सीना नदीच्या डाव्या काठी नवी राजधानी वसविली. तारुण्याची काही वर्षे येथे घालविलेल्या फिरिश्त्याने तिची तुलना बगदाद व कैरो यांच्याशी केली आहे. दरबारी इतिहासकाराची अतिशयोक्ती वजा केली, तरी शहराची भरभराट वेगाने झाली, एवढे त्यावरून निश्चित होते. किल्ला पूर्वेस आणि तटबंदीची वस्ती त्याच्या पश्चिमेस, अशी ही जोडरचना होती. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने ८ तारखेस प्रथम वस्ती घेतली व १२ तारखेस किल्ला. या वस्तीस इंग्रजी कागदपत्रांत ‘पेट्टा’ म्हटले आहे. हे आपल्या ‘पेठे’चेच भावंड. दिल्ली दरवाजापासून माळीवाड्याच्या वेशीपर्यंतचे अंतर पायी अर्ध्या तासाच्या आत तुटते. शहराचे माप माणसाच्या पावलाने ठरले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

या वस्तीच्या प्रवेशस्थानांस तीन भाषांतील तीन शब्द चिकटलेले आढळतात : माळीवाडा ‘वेस’, दिल्ली ‘दरवाजा’ आणि झेंडी ‘गेट’. मराठी, फारसी व इंग्रजी असे हे तीन थर होत. तट बहुतांशी गेला. परंतु वेशीची कल्पना बोलण्यातून गेली नाही. ‘वेशीच्या आत’ व ‘वेशीबाहेर’ हा भेद पायी चालणाऱ्याचा आहे. वेशीत माणूस थांबतो, विसावतो, चौकशी करतो.

आतील नावे याहून बोलकी आहेत. तेलीखुंट, रामचंद्र खुंट यांतील ‘खुंट’ हा शब्द पाहावा. खुंट म्हणजे जमिनीत रोवलेली मेख. हिंदीत ‘खूँट’ याचा अर्थ कोपरा वा दिशा असाही होतो. नगरच्या नावांत हे दोन्ही अर्थ एकत्र आलेले दिसतात : रस्ते जेथे मिळतात ती जागा, आणि माणूस जेथे खुंटतो, म्हणजे थबकतो, ती जागा. डाळमंडई, आडते बाजार, कापड बाजार, घासगल्ली, मोची गल्ली ही नावे तेथे काय मिळते वा कोण बसतो, हे सांगतात. चौपाटी कारंजा व लक्ष्मी कारंजा या नावांनी चौकातील पाण्याची आठवण जपली आहे. कापूरवाडी, वडगाव इत्यादी ठिकाणांहून खापरी नळांनी पाणी आणून हौदांत सोडणाऱ्या निजामशाही योजनेच्या शहरात ही आठवण अर्थपूर्ण आहे. पाण्यापाशी थांबणे हा चालणाऱ्याचा पहिला हक्क होय.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. वेस स्वागतासाठी बांधली जात नसे. ती संरक्षणासाठी असे. व्यवसायावरून पडलेली गल्ल्यांची नावे जातिभेदाच्या सीमाही दाखवितात. कोणी कोठे राहावे आणि कोणत्या पाण्यास शिवावे, हे त्या समाजात ठरलेले असे. तेव्हा जुने शहर आदर्श होते, असा निष्कर्ष काढणे अनैतिहासिक ठरेल. ते चालण्याजोगे होते, एवढेच येथे प्रतिपाद्य आहे.

१८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. स्थानक जुन्या शहराबाहेर पडले आणि ‘स्टेशन रोड’ हे नव्या जातीचे नाव रूढ झाले. पुढे सावेडीकडे वस्ती वाढली, तेव्हा एका मोठ्या रस्त्यास ‘पाइपलाइन रोड’ म्हणू लागले. जुन्या नगरात पाण्याने चौकास नाव दिले. नव्या नगरात पाण्याच्या नळाने रस्त्यास दिले. पहिले नाव थांबण्याचे, दुसरे पुढे जाण्याचे.

हा बदल केवळ नावांचा नाही. ‘रहदारी’ हा शब्द फारसी ‘राहदारी’वरून आला. मोगल अमदानीत तो वाटेवरील जकातीस लावीत. मराठीत त्याचा अर्थ ‘लोकांची ये-जा’ असा झाला आणि आज तो बहुशः वाहनांपुरता उरला आहे. याउलट ‘अतिक्रमण’ या शब्दात ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे हा धातू आहे. तो मात्र वाटेवर टोपली घेऊन बसणाऱ्याच्या वाट्यास आला. पायरस्त्यावर उभ्या केलेल्या मोटारीस अतिक्रमण म्हणण्याची आपल्याला सवय नाही. भाषेने आपला निवाडा आधीच देऊन ठेवला आहे, तो असा.

मुंबई विद्यापीठात १९१९ ते १९२४ या काळात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे अध्यापन करणाऱ्या पॅट्रिक गेडिसने, जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास विरोध केला होता. थोडेच काढावे, पुष्कळ राखावे, ही त्याची पद्धती. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या हालचालीस प्राधान्य देण्याचे तत्त्व स्वीकारले, आणि २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने विक्रेत्यांच्या उपजीविकेस कायद्याचे संरक्षण दिले. तत्त्वांची उणीव नाही. ती कोठे लावावयाची, हा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर स्थलनामे देतात. ज्या जागेच्या नावात खुंट, गल्ली, बाजार वा कारंजा आहे, ती जागा शतकानुशतके थांबण्यासाठी वापरली गेली. तिच्या रुंदीकरणाचा प्रस्ताव येईल, तेव्हा तेथून किती वाहने जातील, याआधी तेथे किती माणसे थांबतात, हे मोजले पाहिजे. ही मोजणी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज करता येईल. खुंटावर थांबण्यास जागाच उरली नाही, तर तेलीखुंट हे नाव टिकेल; त्याचा अर्थ मात्र शब्दकोशात शोधावा लागेल.